यीस्टचा खारा अर्क

यीस्टच्या पेशींनी स्वतःलाच पचवून सोडलेला रस आटवला, की यीस्टचा अर्क तयार होतो. तो काळपट तपकिरी, चिकट आणि चांगलाच खारट असतो. चव मटणाच्या रश्श्याच्या जवळ जाते, पण त्यात मांसाचा अंशही नसतो. इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी १९०२ पासून बिअरच्या कारखान्यांत उरणाऱ्या यीस्टपासून ‘मार्माइट’ बनू लागले. ऑस्ट्रेलियात १९२३ मध्ये ‘व्हेजिमाइट’ बाजारात आले. दोन्ही पावाला लावून खातात.

घरी करण्यासाठी बिअरचे यीस्ट शोधायची गरज नाही. ते कडूही असते. पावाच्या बेकरीत वापरतात ते ताजे यीस्ट उत्तम. भंडारा-तुमसरसारख्या गावांत बेकरीवाल्याला आधी सांगून ठेवले, तर अर्ध्या किलोची वडी मिळू शकते. ती फिकट पिवळसर, बोटांनी चुरली जाणारी आणि ताज्या पिठाच्या वासाची असावी. कडेने काळपट पडलेली किंवा घाण वास येणारी वडी घेऊ नये.

वडी कुस्करून तिच्यात २० ग्रॅम मीठ मिसळायचे. पाण्याचा थेंबही न घालता ढवळत राहिले, की कोरडा चुरा ओलसर होतो, गोळा धरतो आणि थोड्याच वेळात पातळ होऊन भांड्यात पसरतो. मीठ पेशींतले पाणी बाहेर खेचते, त्याचा हा परिणाम. साऱ्या कृतीत डोळ्यांना दिसणारा सर्वांत नवलाचा टप्पा हाच. मग कपभर कोमट पाणी घालून मिश्रण सारखे करायचे.

खरी कसोटी यानंतर लागते. मिश्रण सुमारे २४ तास ४५ ते ५५ अंश सेल्सिअसवर राहायला हवे. या उष्णतेत पेशी मरतात, पण त्यांच्यातली विकरे कामात असतात. ती पेशीतलीच प्रथिने तोडून अमिनो आम्ले मोकळी करतात, आणि त्यांतल्या ग्लुटामिक आम्लामुळे ही भरीव चव येते. तापमान ६० च्या वर फार चढले तर विकरे निकामी होऊ लागतात; ४० च्या खाली रेंगाळले तर नको ते जिवाणू वाढतात. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ च्या आसपास जातो खरा, पण रात्री उतरतो, त्यामुळे हे काम उन्हावर सोपवता येत नाही. मोठ्या गंजात गरम पाणी घेऊन त्यात मिश्रणाचे झाकलेले भांडे ठेवावे, वरून गोधडी गुंडाळावी आणि दर काही तासांनी थर्मामीटर पाहून पाणी बदलावे. इथे अंदाजाने काम करू नये. सुरुवातीचा पिठाचा आंबूस वास हळूहळू मागे पडतो, दुसऱ्या दिवशी सुपासारखा वास येतो आणि रंग बदामी होतो. सडका वास आला तर सगळे फेकून द्यावे.

मग मिश्रणाला उकळी आणून पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर ठेवायचे, म्हणजे विकरांचे काम थांबते. फडक्यातून गाळायला गेले तर फडके लगेच तुंबते. त्यापेक्षा भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. पेशींची टरफले तळाशी बसतात. वरचे तपकिरी पाणी हलक्या हाताने ओतून घ्यावे. कांदा आणि गाजर उकळून काढलेले पाणी यात घातले तर चवीचा उग्रपणा कमी होतो. पसरट कढईत हे आटवताना शेवटची काही मिनिटे उलथने थांबवू नये, कारण घट्ट अर्क पाहता पाहता करपतो. अर्ध्या किलोच्या वडीतून जेमतेम लहान वाटीभर अर्क हाती लागतो. तो काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. लोणी लावलेल्या पावावर अगदी पातळ थर पुरतो. वरणात पाव चमचा घातला तरी चव खुलते, मात्र मग मीठ कमी घालावे.

या अर्काचा मुंबईशी जुना संबंध आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर स्त्रियांमधल्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला तिथे आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम केले. गिरणी कामगार स्त्रियांचा निकृष्ट आहार तिने तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि मार्माइट दिल्यावर रक्त भरून येते हे दाखवले. तिचा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकातून वेगळा काढल्यावर त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले, आणि १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले.

भंडाऱ्यात ही गोष्ट केवळ इतिहासाची नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या सतत बनवाव्या लागतात, त्यामुळे फोलेटची गरज वाढते. म्हणूनच त्यांना फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात. घरच्या अर्कात फोलेट किती उरले हे मोजता येत नाही, त्यामुळे तो गोळीची जागा घेऊ शकत नाही. रक्तदाब असलेल्यांनी यातले मीठ आणि गाउट असलेल्यांनी यातली प्युरिने लक्षात घ्यावीत. यीस्टमध्ये मुळात बी-१२ नसते. विकतच्या काही अर्कांत ते वरून घातलेले असते. बी-१२ कमी असताना नुसते फोलेट घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.