ब्रिटिश राज्यव्यवस्थेवरचा निबंध : माहिती सगळे लिहितात, गुण निर्णयाला मिळतात

ब्रिटनमध्ये शिकणारी आपल्या समाजाची अनेक मुले ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला, शासन आणि राजकारण हा विषय घेतात. इकडे महाराष्ट्रात राज्यशास्त्राच्या पदवीला तुलनात्मक शासनाच्या पेपरात ब्रिटनची राज्यव्यवस्था येते. दोन्हीकडे दीर्घोत्तरी प्रश्न असतात आणि दोन्हीकडची तक्रारही एकच असते : पुरवण्या भरून लिहिले, तरी गुण कमी पडले. प्रश्न मत विचारतो आणि आपण माहिती लिहून येतो, हे त्याचे मुख्य कारण आहे.

परीक्षक काय शोधतो?

पिअरसन एडेक्सेल या मंडळाचा ए-लेव्हल पेपर पाहा. 2 तासांत 84 गुण सोडवायचे असतात. म्हणजे 30 गुणांच्या निबंधाला साधारण 43 मिनिटे मिळतात. या 30 गुणांचे तीन समान भाग असतात : 10 ज्ञानाला, 10 विश्लेषणाला आणि 10 मूल्यमापनाला. पाठांतर कितीही पक्के असले तरी ते पहिल्या भागालाच उपयोगी पडते. उरलेले 20 गुण तुम्ही त्या माहितीचे काय करता यावर ठरतात. आपल्या विद्यापीठांत गुणांची अशी उघड विभागणी नसते. तरी ‘चिकित्सक परीक्षण करा’ असे प्रश्नात आले की अपेक्षा हीच असते.

ब्रिटनच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. भारतात मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे हे सांगताना कलम 75(3) दाखवता येते. ब्रिटनमध्ये संविधानाचा असा एक ग्रंथ नाही. हीच गोष्ट तिथे संकेताने चालते. काही नियम 1689 च्या हक्कांच्या विधेयकात, काही 1911 आणि 1949 च्या संसद कायद्यांत, काही न्यायनिवाड्यांत, तर काही निव्वळ प्रथेत आहेत. म्हणून तिथे घडलेली घटना हाच पुरावा असतो, आणि घटनेचा अर्थ आपल्यालाच लावावा लागतो.

एक नमुना प्रश्न

‘ब्रिटनची संसद आजही सार्वभौम आहे, या मताचे मूल्यमापन करा.’ इथे डायसीची 1885 मधली मांडणी सांगून थांबणारे पुष्कळ असतात. आमची सूचना अशी की तीन मुद्दे घ्या आणि प्रत्येक मुद्द्यात दोन्ही बाजू मांडून निर्णय द्या.

पहिला मुद्दा जनमताचा. 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. तरीही संसदेने कायदा केल्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये ठरवले. ही झाली सार्वभौमत्वाची बाजू. दुसरी बाजू अशी की बहुसंख्य खासदार संघात राहण्याच्या मताचे होते, पण कौलापुढे त्यांनी बाहेर पडण्याच्या कायद्याला मत दिले. निर्णय : कायद्याने संसद सार्वभौम राहिली, पण राजकीयदृष्ट्या तिचे हात बांधले गेले.

दुसरा मुद्दा न्यायालयांचा. 2019 मध्ये 11 न्यायाधीशांनी एकमताने संसदेची तहकुबी बेकायदा ठरवली. पण तो लगाम सरकारला होता, त्यामुळे संसदेचे संरक्षणच झाले. 1998 च्या मानवी हक्क कायद्याखालीही न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही, विसंगती जाहीर करू शकते. 2023 मध्ये न्यायालयाने रवांडाला निर्वासित पाठवण्याचे धोरण बेकायदा ठरवले, तर 2024 मध्ये संसदेने रवांडा सुरक्षित देश आहे असा कायदाच केला. निर्णय : न्यायालये बळकट झाली, तरी शेवटचा शब्द संसदेचाच.

तिसरा मुद्दा सरकारच्या वर्चस्वाचा. 2024 मध्ये मजूर पक्षाला 33.7 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा मिळाल्या. एवढ्या बहुमतापुढे संसद मंत्रिमंडळाच्या मुठीत जाते. लॉर्ड हेलशॅम यांनी 1976 मध्येच याला ‘निवडून आलेली हुकूमशाही’ म्हटले होते. पण 2005 मध्ये स्वतःचे बहुमत असतानाही टोनी ब्लेअर यांचे सरकार 90 दिवसांच्या स्थानबद्धतेच्या प्रस्तावावर 322 विरुद्ध 291 मतांनी हरले. निर्णय : सत्तारूढ पक्षाचे खासदार एकत्र असतात तोवर सार्वभौमत्व सरकार वापरते, ते फुटले की ते संसदेकडे परत येते.

हे तीन निर्णय एकत्र बांधले की समारोप तयार होतो. शेवटच्या ओळींत नवी माहिती आणू नका आणि ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असे म्हणून सुटू नका. कोणती बाजू वजनदार आणि का, ते स्पष्ट लिहा.

आपल्याला जवळचे उदाहरण

ब्रिटनच्या समता कायद्याचा जातीबाबतचा प्रवास प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा. 2010 च्या कायद्याने जातीला वंशाचा एक भाग म्हणून सामील करण्याची मुभा मंत्र्यांना दिली. 2013 मध्ये लॉर्ड्स सभागृहाने आग्रह धरला, कॉमन्सने आधी नकार दिला, पण अखेर सरकार नमले आणि मुभेच्या जागी बंधन आले. 2014 मध्ये रोजगार अपील न्यायाधिकरणाने म्हटले की ‘वांशिक मूळ’ या शब्दांत काही परिस्थितीत जातही येऊ शकते. 2017 मध्ये सरकारने लोकांची मते मागवली. जुलै 2018 मध्ये न्यायनिवाडे पुरेसे आहेत असे सांगून सरकारने वेगळी तरतूद करणार नसल्याचे जाहीर केले.

हे एकच उदाहरण तीन प्रश्नांना लागू पडते. लॉर्ड्सचे महत्त्व विचारले तर 2013 लिहा. दबावगटांवर प्रश्न आला तर आंबेडकरी आणि दलित संघटनांची मोहीम एका बाजूला आणि अनेक हिंदू संघटनांचा विरोध दुसऱ्या बाजूला मांडा. सरकारच्या वर्चस्वावर प्रश्न आला तर संसदेने घातलेले बंधनही सरकार कसे टाळू शकते ते दाखवा.

इथे सावधही राहायला हवे. हा आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, म्हणून उत्तरपत्रिकेत भाषण होण्याचा धोका आहे. कायद्यात जात आल्याने जातीची ओळख अधिक घट्ट होईल, हा विरोधकांचा युक्तिवादही प्रामाणिकपणे लिहावा आणि मग तो पुराव्याने खोडावा. विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा नेमके मांडता आले, तरच आपले उत्तर वजनदार होते.

बाबासाहेबांचा धडा

मूल्यमापन कसे करतात याचा उत्तम नमुना आपल्याच घरात आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि ब्रिटनची संसदीय पद्धत यांची तुलना केली. त्यांनी स्थैर्य आणि उत्तरदायित्व या दोन कसोट्या ठरवल्या. दोन्ही कसोट्यांवर सारखी उतरणारी पद्धत आजवर सापडली नाही, हे मान्य केले. संसदीय पद्धतीत सरकारची तपासणी निवडणुकीत ठराविक काळाने होतेच, शिवाय प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांतून रोज होते, हे दाखवले. आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे, असा स्पष्ट निर्णय सांगितला. कसोटी, तुलना, मर्यादेची कबुली आणि निर्णय : निबंधाचा सांगाडा हाच.

तयारी कशी करावी?

एक वही करा आणि तिच्यात 20 उदाहरणे लिहा. प्रत्येकापुढे वर्ष, आकडा, त्यातून काय सिद्ध होते आणि विरुद्ध बाजू त्याला काय म्हणेल, एवढेच असावे. जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न घेऊन रोज 7 मिनिटांत फक्त आराखडा लिहा, आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण निबंध हाताने लिहा. जुन्या पुस्तकांतून वाचत असाल तर माहिती तपासा. 2011 चा ठराविक मुदतीच्या संसदेचा कायदा 2022 मध्ये रद्द झाला आहे, पण जुन्या नोट्समध्ये तो अजून जिवंत आहे.

आणि एकटे बसू नका. विहारातल्या अभ्यासिकेत चौघे जमले तरी दोघांनी बाजूने, दोघांनी विरुद्ध बोलावे आणि अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलाव्यात. उद्या यातलेच कोणी न्यायालयात, कोणी आयोगापुढे, कोणी मंत्र्याच्या दालनात समाजाचे म्हणणे मांडणार आहे. तिथेही मोजका वेळ मिळतो, समोर विरोधी बाजू असते आणि पुराव्याशिवाय कोणी ऐकत नाही. त्या कामाचा सराव परीक्षेच्या निमित्ताने आजपासूनच होऊ शकतो.