डॉक्टरांवर विश्वास कसा बसतो?

सातपुड्यातील पाड्यांवर मूल एकाएकी गप्प झाले, अंगावर धावू लागले किंवा त्याला झटके आले की आईबाप आधी भगताकडे जातात. तो त्यांच्या बोलीत बोलतो. दवाखान्यात प्रश्न मराठीत, आणि मनात भीती: "पोराला ठेवून घेतील."

मी त्यांना सांगतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मूल दाखल झाले तरी पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते. उपचारांना पालकांची संमती लागते. गोळी कशाची, किती दिवस, हे निःसंकोच विचारावे. शंका मनातच राहिली की गोळ्या मध्येच सुटतात, आणि झटक्यांची गोळी अचानक सुटली तर झटके वाढू शकतात.

बंधुभगिनींनो, पहिल्या भेटीला बोली जाणणारे कोणी सोबत जावे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.