स्वतःचं मत उसनं मिळत नाही : विचार करायला लावणाऱ्या गृहपाठात मदत कशी करावी?



मुलांच्या गृहपाठात साधारण दोन प्रकारचे प्रश्न असतात. एक, ज्यांचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतं. महाराष्ट्राची राजधानी कोणती? पानांतील हिरव्या द्रव्याला काय म्हणतात? मुलाला आठवत नसेल तर पुस्तक उघडून दाखवा, नाहीतर सरळ सांगून टाका. त्यात काही बिघडत नाही.

दुसरे प्रश्न वेगळे. 'खोटे बोलणे कधी योग्य असते का? तुमचे मत लिहा.' 'खरा मित्र कोणाला म्हणाल?' 'नियम सगळ्यांना सारखेच असावेत का?' परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत 'जरा डोके चालवा', 'काय करावे बरे' अशा चौकटी असतात, त्यांतले बरेच प्रश्न या जातीचे. थोडं मोठं झाल्यावर मराठीच्या पेपरात 'स्वमत' येतं. हे खरं तर तत्त्वज्ञानाचेच प्रश्न आहेत, फक्त इयत्तेच्या मापात बसवलेले.

आणि नेमकी इथेच गंमत होते. 'स्वमत' गाईडमध्ये छापलेलं मिळतं! वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळी मेसेज येतो, "पाचव्या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी टाका ना." दुसऱ्या दिवशी वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच वाक्य असतं : 'खोटे बोलणे हे महापाप आहे, म्हणून आपण नेहमी खरे बोलावे.'

यात बिघडतं काय?

शुद्धलेखन बरोबर, अक्षर सुंदर, गुणही पूर्ण. मग बिघडलं कुठे?

हे वाक्य लिहिणाऱ्या मुलीला आदल्याच दिवशी घरात कोणीतरी सांगितलेलं असतं, "फोनवर सांग, बाबा घरी नाहीत." तिच्याजवळ या प्रश्नाचा खराखुरा अनुभव आहे. पण वहीत तिनं जे लिहिलं त्याचा त्या अनुभवाशी काहीच संबंध नाही. यातून ती एक धडा नक्की शिकते : मत म्हणजे मोठ्यांना आवडणारं वाक्य, आणि ते दुसरीकडून आणायचं असतं. राजधानीचं नाव चुकलं तर उद्या दुरुस्त करता येतं. ही सवय मात्र लवकर सुटत नाही.

शिवाय अशा प्रश्नांना छापील उत्तर असूच शकत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ साली एका निबंधात मांडलं, की एखादा खुनी आपल्या मित्राच्या मागावर आला आणि तो कुठे आहे असं विचारू लागला, तरी त्याच्याशीही खोटं बोलू नये. बहुतेकांना हे पटत नाही, आणि त्यावर आजही वाद चालतो. आपल्याकडे महाभारतात युधिष्ठिराचं 'नरो वा कुंजरो वा' आहेच. शब्द खोटे नव्हते, पण द्रोणाचार्यांची फसवणूक झाली. मग ते खोटं की खरं? जिथे एवढे मोठे लोक अडले, तिथे पाचवीच्या मुलाला एका ओळीचं तयार उत्तर देऊन आपण प्रश्नच संपवून टाकतो.

मग 'तुझं तू कर' म्हणायचं का?

नाही. हे दुसरं टोक झालं. "गृहपाठ तुझा आहे, मी सांगणार नाही," असं म्हणणं ऐकायला शिस्तीचं वाटतं. पण ज्या घरात शिकणारं हे पहिलंच मूल आहे, त्याला विचारायला दुसरं कोणी नसतं. ते धीर करून विचारायला आलं आणि आपण दार लावलं, तर पुढच्या वेळी ते विचारणारच नाही. गाईड उघडेल.

उत्तर देणं आणि हाकलून देणं, या दोहोंच्या मधली एक वाट आहे. ती फार जुनी आहे.

सॉक्रेटिसचा चौरस

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो यांच्या 'मेनो' या संवादात एक सुंदर प्रसंग आहे. सॉक्रेटिस मेनोच्या घरातल्या एका गुलाम मुलाला बोलावतो. त्याला भूमिती कोणी शिकवलेली नाही. सॉक्रेटिस जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ ४ चौरस फूट. मग विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती?

मुलगा झटकन म्हणतो, दुप्पट, म्हणजे चार फूट. सॉक्रेटिस 'चूक' म्हणत नाही. तो तसा चौरस काढायला घेतो. क्षेत्रफळ येतं १६! हवं होतं ८. मुलगा म्हणतो, मग तीन फूट. येतं ९. आता मुलगा कबूल करतो, की मला माहीत नाही. इथे सॉक्रेटिस मेनोकडे वळून त्याच्या लक्षात आणून देतो, की मुलगा आता आधीपेक्षा पुढे आला आहे. आधी त्याला येत नव्हतं आणि येतं असं वाटत होतं. आता येत नाही हे त्याला कळलंय, म्हणून तो शोधेल.

मग सॉक्रेटिस चौरसाचा कर्ण दाखवतो आणि छोटे छोटे प्रश्न विचारत जातो. शेवटी मुलाच्या तोंडून उत्तर येतं, की कर्णावर काढलेला चौरस दुप्पट होतो. वहीवर करून पाहा, तुम्हालाही मजा येईल.

लक्षात घ्या, सॉक्रेटिसनं मदत केलीच. कर्ण त्यानंच पुढे आणला. पण तो कधी आणला? मुलानं दोनदा प्रयत्न करून झाल्यावर. आणि शेवटची पायरी मुलाला स्वतः चढू दिली.

परांची किती दिवस ठेवायची?

डी.एड.ला आपण वायगॉट्स्की शिकलो. मूल एकटं जे करू शकतं आणि कोणाच्या मदतीनं जे करू शकतं, त्यांच्यामधली जागा म्हणजे शिकण्याची जागा. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि मदत करणारी व्यक्ती नेमकं काय करते ते पाहिलं. ती मुलाचं लक्ष कामाकडे वळवते, मोठं काम लहान करून देते, महत्त्वाची गोष्ट नजरेस आणते, मूल वैतागलं तर सांभाळून घेते. या मदतीला त्यांनी बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवीच. पण परांची म्हणजे भिंत नव्हे, आणि ती वेळेवर काढावीही लागते.

घरी हे कसं दिसेल?

समजा, पाचवीतली मुलगी वही घेऊन आली.

– आई, सांग ना, काय लिहू?
– तुला काय वाटतं?
– मला नाही माहीत. तूच सांग.
– बरं. तू शेवटचं खोटं कधी बोललीस? मी ओरडणार नाही.
– आजीला म्हटलं, लाडू छान झालेत. कडक झाले होते ते.
– मग ते चूक होतं का?
– नाही. आजीला वाईट वाटलं असतं.
– आणि आजीनं पाहुण्यांसाठीही तसेच कडक लाडू केले तर?
– (थोडा वेळ गप्प) मग मी खरं सांगायला हवं होतं. पण हळूच. सगळ्यांसमोर नाही.
– हेच लिही की!

दोन मिनिटांचं बोलणं. आईनं उत्तर सांगितलं नाही, पण मुलीला एकटंही सोडलं नाही. "तुला काय वाटतं?" एवढ्यावर ती थांबली असती तर मुलगी अडलीच असती. म्हणून तिनं मोठा प्रश्न लहान केला, तिच्या अनुभवाजवळ आणला. मग एक अडचणीचं उदाहरण पुढे ठेवलं.

थोडक्यात चार गोष्टी :

१. आधी मुलाचा प्रयत्न पाहा, मग तो अर्ध्या वाक्याचा का असेना.
२. प्रश्न मोठा वाटत असेल तर त्याच्या रोजच्या जगण्यातला एक प्रसंग विचारा.
३. 'का?' विचारा आणि मग 'पण असं झालं तर?' विचारा. "ज्याचं त्याचं मत" म्हणून सोडून देऊ नका. मत वेगळं असू शकतं, पण त्याला कारण हवं.
४. शेवटचं वाक्य मुलाचंच राहू द्या. ओबडधोबड असलं तरी.

एक सावधगिरी. कधी कधी प्रश्न गृहपाठाचा नसतोच. 'माणूस मेल्यावर कुठे जातो?' हे घरात कोणी गेल्यावर मूल विचारत असेल, तर तिथे सॉक्रेटिस होऊ नका. आधी जवळ घ्या.

आणि आपल्यालाच उत्तर येत नसेल तर?

तर तसं सांगा. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना आधी वर्षभर राहायला सांगतात, मग हवं ते विचारा म्हणतात, आणि आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू, असंही म्हणतात. त्या सहांमधल्या सुकेशाला पूर्वी कोसलच्या राजपुत्रानं एक प्रश्न विचारलेला असतो. सुकेशा त्याला सरळ सांगतो की मला हे माहीत नाही. पण प्रश्न तो विसरत नाही. तोच प्रश्न घेऊन तो पिप्पलादांकडे येतो.

"मला पण नक्की माहीत नाही रे, आपण दोघं विचार करू," हे वाक्य मुलासमोर म्हणायला आपण का लाजतो?

शिक्षकांसाठी दोन शब्द

पालकांना सांगताना आपलीही जबाबदारी आहे. चाळीस वह्यांत एकच वाक्य येत असेल आणि आपण चाळीस वेळा बरोबरची खूण करत असू, तर मुलं तेच शिकणार. असे प्रश्न घरी देण्याआधी वर्गात पाच मिनिटं बोलून घ्यावेत, म्हणजे ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, तेही मूल रिकाम्या हातानं जात नाही. 'तुमचे मत लिहा' याला 'आणि तसे का वाटते, ते तुमच्या एका अनुभवावरून लिहा' एवढी जोड द्यावी. गाईडमध्ये स्वतःचा अनुभव सापडत नाही! आणि तपासताना मत आपल्याला पटलं की नाही यापेक्षा कारण दिलंय का, हे पाहावं.

आजीच्या लाडवांबद्दल लिहिलेल्या त्या चार ओळींत एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला असेल. तो नंतर सुधारू. पण त्या ओळी तिच्या आहेत. या आठवड्यात असा एखादा प्रश्न वहीत आला, तर नक्की करून पाहा.