हाडांचा टँकर

वर्सोव्याच्या गल्ल्यांतून पाण्याचे टँकर येतात-जातात. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. मुंबईचेच कलावंत जितीश कल्लाट यांनी २००८ साली असाच एक टँकर घडवला, तो मात्र हाडांचा! रेझिनच्या हाडांतून उभे केलेले सुमारे ७ मीटर लांबीचे हे शिल्प म्हणजे ‘अॅक्वासॉरस’. संग्रहालयातला एखादा डायनासोरच जणू. २००७ मध्ये त्यांनी रिक्षाही अशीच घडवली होती.

आम्ही या शिल्पाचे छायाचित्र सातवीच्या वर्गात दाखवले. एका मुलीने विचारले, “टीचर, हा मेला कशाने?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “तहानेने.”

आम्हाला वाटते, मुलांना शिल्प समजले. प्राणी मेला की मातीत मिसळतो. आपण विकत आणून फेकलेले प्लास्टिक मिसळत नाही. आपल्या किनाऱ्याने हे भोगले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली, तेव्हा कचऱ्याखाली वाळू दिसेनाशी झाली होती. पुढे हजारो हात जोडले गेले आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघाली.

मुलांना आम्ही गृहपाठ दिला आहे : आठवडाभर घरात काय विकत आले आणि त्याचे वेष्टन कुठे गेले, ते लिहा. पालकांनो, ही वही तुम्हीही जरूर वाचा. फिजूलखर्ची फक्त पैशांचीच होत नसते.