पायरी ओलांडल्यावर

१९४७ साली मुंबईत फातिमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी एक उपचारकेंद्र सुरू केलं. निमित्त घरातलंच होतं. त्यांच्या लेकीला पोलिओ झाला होता. तिला पायांवर उभं करण्यासाठी आपल्याला जी वणवण करावी लागली, ती दुसऱ्या आयांच्या वाट्याला येऊ नये, असं त्यांना वाटलं. महाराष्ट्रात शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी झालेल्या कामाचा मागोवा घेताना मला ही सुरुवात फार बोलकी वाटते. पुढेही बंद दारं उघडली ती बहुतेकदा ज्यांनी हे दुखणं भोगलं होतं किंवा घरात पाहिलं होतं, त्यांनीच.

पोलिओच्या त्या काळात ‘आधी मूल चालतं करा, मग शाळेचं बघू’ असाच विचार असे. शस्त्रक्रिया, प्लास्टर, व्यायाम, मग कॅलिपर आणि कुबड्या. यात मुलाची वर्षं निघून जात आणि वय वाढलं म्हणून शाळा राहून जाई. गावाकडे आई मुलाला कडेवर घेऊन शाळेत पोचवी. ते कडेवर मावेनासं झालं की शाळा सुटे. आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच चौथीनंतर दिसेनाशी झाली. हुशार होती, अक्षर सुरेख होतं. पाचवीचा वर्ग माडीवर भरायचा, एवढंच कारण. वर्ग खाली आणता येईल, हे आम्हा मुलांना सुचलं नाही आणि मोठ्यांनाही नाही.

अशा मुलांसाठी कोल्हापुरात नसीमा हुरजूक उभ्या राहिल्या. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडून त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत आल्या होत्या. १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था निघाली आणि तिच्या वसतिगृहात राहून गावोगावची मुलं शिकू लागली. शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीच्याही पायात कॅलिपर असतो, तेव्हा लाज अर्धी गळून पडते. घरात ‘बिचारी’ म्हणून कोपऱ्यात बसलेली मुलगी तिथे स्वतःचे कपडे स्वतः धुते, अभ्यासाला बसते, नोकरीची स्वप्नं पाहते. नसीमादीदींचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र वाचून अनेक मराठी घरांना हे जग पहिल्यांदा कळलं.

त्याआधी बारा वर्षं, मुंबईत, एक वेगळाच प्रश्न समोर आला होता. मिथू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. बुद्धी शाबूत, पण हातपाय आणि बोलणं ताब्यात नाही. तिच्यासारख्या मुलांना सामावून घेणारी शाळाच नव्हती. म्हणून १९७२ मध्ये ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि कुलाब्यात अवघ्या तीन मुलांची शाळा भरू लागली.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. पोलिओ झालेलं मूल वर्गात पोचलं की बहुधा बाकीच्यांसारखंच लिहितं, बोलतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला मात्र पायरी ओलांडून आत आणलं, की तिथून खरं काम सुरू होतं. पेन्सिल धरताना त्याचा हात ताठतो, उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो, कधी लाळ गळते. शिक्षकाला यातलं काही ठाऊक नसेल, तर तो त्याला मतिमंद ठरवून मोकळा होतो. जाड पेन्सिल, घसरू न देणारी बैठक, चित्रांवर किंवा अक्षरांवर बोट ठेवून बोलण्याचा तक्ता आणि उत्तराची वाट पाहण्याची सवय, एवढ्यावर त्या मुलाचं शिक्षण अवलंबून असतं. मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या, लंडनला शिकल्या आणि एका बोटाने एकेक अक्षर टंकत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं.

दरम्यान पोलिओ गेला. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. लस पाजत दारोदार फिरलेल्या आशाताई आणि अंगणवाडीताईंचं हे ऋण मोठं आहे. पण त्यामुळे वर्गातलं चित्रही बदललं. आज शाळेच्या दारात येणाऱ्या अपंग मुलांत सेरेब्रल पाल्सीची, स्नायू क्षीण होत जाणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीची मुलं ठळकपणे दिसतात. आपली तयारी मात्र अजून पोलिओच्या काळातलीच आहे.

कायदे मागाहून आले, पण आले. १९९५ च्या कायद्याने अपंग मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. २००९ च्या कायद्याने शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क ठरला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि भेदभाव न करता प्रवेश देण्याचं, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करण्याचं बंधन शाळांवर घातलं. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळू लागला.

शाळाशाळांतून उतारही झाले. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. जागा वाचवायला तो आखूड केला, की चाकाची खुर्ची ढकलायला दोन माणसं लागतात. आणि उतार चढून आत गेलेल्या मुलाला समजून घेणारा विशेष शिक्षक एकटा अनेक शाळा सांभाळत फिरतो. तोही वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेला.

पाऊणशे वर्षांत आपण मुलाला दारापर्यंत आणलं, हे यश लहान नाही. त्यापुढचं काम आता फक्त आयांवर आणि संस्थांवर सोडून चालणार नाही. ते प्रत्येक साध्या शाळेतल्या साध्या शिक्षकाचं आहे. येत्या जूनमध्ये असं एखादं मूल तुमच्या शाळेत आलं, तर त्याचा वर्ग माडीवरून खाली आणा. त्याला प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.