हरिश्चंद्रगडाला कुठून जायचं? थोडं गणित, थोडे गुडघे

दिवाळीनंतर बाबांनी जाहीर केलं, "मला कोकणकडा बघायचाय." वय ६१, तब्येत ठणठणीत, पण जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. त्यावर चुलत भावाचा लगेच मेसेज: "ताई, तू तर डोंगरांच्या नकाशांवरच पीएचडी करतेयस. सांग, कुठून नेऊ काकांना?"

प्रश्न साधा वाटतो, पण माझं अर्धं संशोधन त्यात आहे. तर मंडळी, आज तेच.

हरिश्चंद्रगड पुणे, ठाणे आणि नगर (आता अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, त्यामुळे वाटाही तिन्हीकडून येतात. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून सर्वात जवळची. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून टोलार खिंडीतून लांबची. आणि कोकणातल्या बेलपाड्याहून नळीची वाट, म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीतून आणि कातळटप्प्यांवरून दोर घेऊन चढायची. ती बाबांसाठी पहिल्याच मिनिटाला बाद.

आता वेळ कसा काढायचा? सर्वात जुना नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, १८९२ चा. मीटरमध्ये ढोबळपणे सांगायचं तर दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट ६ किलोमीटर आणि चढ ७०० मीटर: ७२ मिनिटं अधिक ७० मिनिटं, म्हणजे साधारण दोन तास वीस मिनिटं. यात चहा, फोटो आणि "जरा टेकूया" धरलेलं नाही. आपल्याकडच्या घरगुती ग्रुपला मी सरळ दीडपट धरते.

नेस्मिथची गंमत अशी, की त्याला चढ किती तीव्र आहे याच्याशी घेणंदेणं नाही. ते काम वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाच्या १९९३ मधल्या सूत्राने केलं. त्यात सपाटीवरचा वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि सर्वात जास्त वेग, ताशी ६, येतो तो अगदी हलक्या उतारावर. १०० मीटर पुढे गेल्यावर २५ मीटर वर नेणाऱ्या वाटेवर (याला २५ टक्के चढ म्हणू) वेग उरतो २.१. पन्नास टक्क्यांवर एकाच्याही खाली.

पण आपल्याला पुढे नाही, वर जायचंय. म्हणून तासाला किती मीटर उंची मिळते ते काढा. २५ टक्क्यांवर सुमारे ५२५ मीटर, ५० टक्क्यांवर साधारण ४४०, आणि १०० टक्क्यांवर, म्हणजे ४५ अंशांच्या चढावर, फक्त दीडशेच्या आसपास. म्हणजे सरळ वर घुसणारा शॉर्टकट घेऊन तुम्ही उशिरा पोचता! या सूत्रात उंची गाठायला सर्वात बरा चढ साधारण २९ टक्के येतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ मिनेट्टी यांनी माणसांचा ऑक्सिजन मोजून डोंगरवाटांसाठी किफायतशीर चढ काढला, तोही २५ टक्क्यांच्या आसपास. एकाने वेग बघितला, दुसऱ्याने दम, आणि उत्तर जवळपास तेच. गुरांच्या वाटा नागमोडी का असतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आता माझ्या कॉम्प्युटरची फजिती. मी ३० मीटरच्या चौकटींचा उंचीचा नकाशा वापरते. टोलार खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळ आहे. असा एखादा ५ मीटरचा सरळसोट टप्पा ३० मीटरच्या चौकटीत पसरला, की मशीनला दिसतो १७ टक्क्यांचा गोड चढ. ते म्हणतं, चला! तिथे शनिवारी सकाळी लागणारी रांग, ओला खडक किंवा रेलिंग धरून थिजलेला माणूस त्याला दिसत नाही.

दुसरी फसवणूक एकूण चढाईची. पायथा आणि माथा यांची वजाबाकी करून चालत नाही. खिरेश्वरच्या वाटेवर कातळ संपला की टेकड्या सुरू होतात. चढा, उतरा, परत चढा. आणि परतीला त्याच पुन्हा. एमएस्सीला असताना आम्ही हॉस्टेलच्या मुली तिथून उतरत होतो. चढायला पाच तास लागले म्हणून उतरायला तीन धरले. त्या टेकड्यांमध्येच अंधार पडला, सहा जणींत एक टॉर्च, वर धुकं. दोनदा चुकीच्या वाटेला लागलो. कुणाला काही झालं नाही, पण तो हिशोब माझा होता, हे मी अजून विसरलेले नाही.

उतार म्हणजे आराम, हा गैरसमज इथलाच. मिनेट्टींच्या मोजणीत सर्वात कमी ऊर्जा लागते ती साधारण १० टक्के उतारावर. त्याहून तीव्र झाला की शरीर ब्रेक लावत उतरतं. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना नकोसा होतो. गुडघ्यावरचा भारही वाढतो. दोन काठ्या नीट वापरल्या तर तो कमी होतो, हे मोजून दाखवलेलं आहे.

मग बाबांसाठी मी "चढायला सोपी कुठली" हा प्रश्न बदलून "चार वाजता थकलेल्या गुडघ्याने उतरायला बरी कुठली" असा केला. उत्तर पाचनई. तिथेही कड्याखालून जाणारी वाट आहे, ओढे आहेत, पावसाळ्यात मी त्यांना नेलं नसतं. पण अंतर कमी, टेकड्यांची चढउतार नाही, आणि मधूनच परत फिरावं लागलं तरी गाव जवळ.

भावाला कळवलंय: पाचनईत मुक्काम, सहाला निघणं, केदारेश्वराच्या गुहेपाशी जेवण, आणि दीड वाजता कोकणकड्यावर असू नसू, माघारी. बाबांना सगळं पटलंय, फक्त काठ्या सोडून. "मी काय म्हातारा आहे का?" असं म्हणतायत. काठ्या मी माझ्या सॅकला बांधून नेणार आहे.