फाइल पाठवली, पण उघडली का?

हातातलं काम चालू द्या, नुसता कान इकडे ठेवा. गटाचे कागद कॉम्प्युटरवरून कसे पाठवायचे, याबद्दल आज बोलायचं आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका गटाची कर्जाची फाइल मी बँकेला पाठवली. ठराव, सभासदांची यादी, पासबुकाच्या झेरॉक्स असं सगळं स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवलं, लिंक कॉपी केली आणि साहेबांना मेल केली. बायकांना दिवाळीच्या फराळासाठी डाळ-तेल भरायचं होतं. अठरा दिवस काहीच हालचाल नाही. शेवटी बँकेत गेले, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची फाइल उघडतच नाही. मी परवानगी मागितली, तुम्ही दिलीच नाही." घरी येऊन मेल उघडला, तर त्यांची विनंती तिथंच पडलेली! कर्ज मिळालं, पण निम्म्या ऑर्डरी हातच्या गेल्या. बायका मला काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ड्राइव्हवर ठेवलेली फाइल म्हणजे कुलपातलं कपाट. लिंक हा कपाटाचा पत्ता झाला, किल्ली नव्हे. किल्ली द्यायची तर फाइलवर उजवं क्लिक करून 'शेअर' दाबायचं, समोरच्याचा मेल पत्ता नीट अक्षर जुळवून लिहायचा, 'व्ह्यूअर' निवडायचं आणि 'सेंड' करायचं. व्ह्यूअर म्हणजे फक्त बघणारा. 'एडिटर' केलं तर तो आत बदलही करू शकतो.

खरं सांगू, बँकेसाठी मी आता लिंकच्या भानगडीत पडत नाही. सगळे कागद एका पीडीएफमध्ये घेते आणि मेललाच जोडते. जीमेलमधून 25 एमबीपर्यंत फाइल जाते, गटाच्या कागदांना तेवढं पुष्कळ झालं. फोटो मोठे असले तर मात्र फाइल फुगते. 25 एमबीच्या वर गेली की जीमेल आपणहून तिची ड्राइव्ह लिंक करतं, म्हणजे पुन्हा किल्लीचा प्रश्न आलाच. आणि मेल गेल्यावर एक फोन करायचा, "साहेब, उघडली का?"

त्या दिवाळीनंतर मी उलट टोकाला गेले. कुणाला अडायला नको म्हणून सगळ्यांच्या आधार कार्डांच्या फोल्डरला 'एनीवन विथ द लिंक' करून टाकलं आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. म्हणजे ज्याच्या हाती ती लिंक लागेल, त्याला कपाट उघडं. ग्रुपवरचा मेसेज पुढे कुठे कुठे जातो, कोण सांगणार? एका ताईच्या मुलानं ते लक्षात आणून दिलं आणि त्याच रात्री मी ते 'रिस्ट्रिक्टेड' केलं. पण कुणी आधीच उतरवून घेतलं असेल, तर ते आपल्याला परत घेता येत नाही. म्हणून आता जिथं चालेल तिथं मास्क्ड आधार देते. ते यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं आणि त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

हिशोबाच्या शीटचं वेगळं आहे. तिथं सचिव आणि खजिनदार दोघींना एडिटर करावंच लागतं. आमच्याकडे एकदा मोबाइलवर बोट लागून व्याजाचा अख्खा रकाना पुसला गेला. रडारड झाली. मग कॉम्प्युटरवर 'फाइल'मध्ये जाऊन 'व्हर्जन हिस्टरी' उघडली, आदल्या दिवसाची शीट निवडली आणि 'रिस्टोअर' दाबलं. रकाना परत आला. कुणाच्या खात्यातून काय बदललं, तेही तिथं दिसतं. त्यामुळे भांडणही मिटलं!

आता सायबर कॅफेवाल्यांसाठी. तालुक्याला जाऊन मेल उघडता ना? ब्राउझरची 'इनकॉग्निटो' खिडकी उघडून मगच मेल उघडा आणि पासवर्ड जतन करू का विचारलं तर नाही म्हणा. काम झालं की साइन आउट करून सगळ्या खिडक्या बंद करा. उतरवलेली पीडीएफ मात्र इनकॉग्निटोतही त्या मशीनच्या 'डाउनलोड्स'मध्ये राहतेच. ती तिथून काढा, मग रिसायकल बिनमधूनही काढा. व्हॉट्सॲप वेब लावलं असेल, तर आपल्या मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हायसेस' बघून तिथला कॉम्प्युटर काढून टाका. आणि कॅफेवाला "ताई, राहू द्या, मी करतो नंतर" म्हणाला, तरी खुर्चीवरून उठू नका.